कासवी बघत नाही

लोंढ्याला समुद्र नाही. पाऊस आहे, रान आहे आणि जंक्शन आहे. समुद्र आमच्याकडं टोपलीतनं यायचा. वास्कोकडनं येणाऱ्या पॅसेंजरमधून मासळीवाल्या बायका उतरायच्या, टोपल्यांतलं पाणी फलाटावर ठिबकत ओळ काढत जायचं आणि त्या ओळीमागनं मांजरं. मी रेल्वेत गार्ड होतो. (२०२२ पासून ह्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, मी त्याच्या आधीच निवृत्त झालो, गार्ड म्हणूनच मरणार.) गळ्यात तुळशीची माळ, म्हणून त्या ओलीवर पाय पडू नये यासाठी मी टांग टाकून पलीकडं जायचो. पोर्टर हसायचे. मला वाटायचं, हसू देत, मी निदान कुणाचा जीव घेत नाही.

निवृत्तीनंतर एकादशीला देवळात बोलायला लागलो. कीर्तनकार वगैरे नव्हे. पोथी वाचायची आणि सुचेल ते सांगायचं. त्यातला माझा हुकमाचा पत्ता म्हणजे कूर्मदृष्टी. कासवी नदीच्या ह्या काठाला, पिल्लं त्या काठाला. दूध पाजायला जवळ जात नाही, चारा भरवत नाही, नुसती बघते आणि त्या बघण्यावर पिल्लं वाढतात. गुरुकृपा तशीच, विठ्ठलाचं विटेवर उभं राहून बघणं तसंच. संतांनी हा दृष्टांत किती वेळा वापरलाय त्याला मोजदाद नाही. मी त्याला रेल्वेची जोड द्यायचो. कॅसलरॉकच्या घाटात चाळीस-पन्नास वाघिणींच्या मागं, शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये मी उभा. इंजिन वळणापलीकडं, ड्रायव्हर दिसतसुद्धा नाही. मी हिरवा दिवा हलवतो आणि सगळी गाडी हलते. बायका माना डोलवायच्या. देवळात पायरीशी दगडी कासव आहे, दर वेळी त्याच्याकडं हात करून मी हे सांगायचो.

मुलगी वेंगुर्ल्याकडं दिली आहे. व्याही होडीवाले. लग्न ठरताना आमच्या घरात ह्याच्यावरनं बरंच झालं होतं, ते सगळं सांगत बसत नाही. मुलीनंच जमवलं होतं, म्हणजे बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माघात नातीच्या बारशाला गेलो. बारशाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली म्हणून किनाऱ्यावर फिरायला निघालो, तर व्याह्यांची होडी नुकतीच वाळूला लागत होती. रात्री कांडाळ जाळं टाकून ठेवलं होतं, ते ओढून आले होते. होडीत बांगडे चमकत होते आणि त्यांच्यावर, जाळ्यात गुरफटलेलं, एक कासव.

मला आधी ते परातीसारखं काहीतरी वाटलं. चौघांनी धरून खाली उतरवलं, वाळूवर ठेवलं, तेव्हा नीट दिसलं. पाठ दोन-सव्वादोन फूट, शेवाळी-राखी रंगाची, तिच्यावर पांढरे खडबडीत शिंपले चिकटलेले. डोकं सोललेल्या नारळाएवढं, तोंड पोपटाच्या चोचीसारखं. पुढच्या उजव्या वल्ह्याभोवती नायलॉनचा दोरा इतका आवळलेला की तिथं कातडं पांढरं पडून फाटलं होतं. ऑलिव्ह रिडले, मादी, असं नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की ते हलत नाही.

मी वाकलो. खरं सांगायचं तर मी एका गोष्टीची वाट बघत होतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञ कसा, तर कासव जसं सगळ्या बाजूंनी अंग आत ओढून घेतं तसा, विषयांपासून इंद्रियं आवरून घेणारा. हे मी शंभरदा सांगितलेलं. माणूस इतक्या जवळ आला म्हणजे हे डोकं आत घेईल, असं वाटलं. घेईना. मी म्हटलं, मेलंय म्हणून. व्याही म्हणाले, जितं असलं तरी घेणार नाही. समुद्रातल्या कासवाला डोकं आत ओढता येत नाही, पायही नाही. तळ्यातलं, रानातलं कासव ओढतं. ह्याचे पाय म्हणजे वल्ही, ती आत मावतील कुठं?

मी वाळूवर बसलोच. निवृत्तीपासून ज्याच्यावर बोलत होतो ते कासव डबक्यातलं होतं तर. समुद्रात पोहायचं असेल तर अंग बाहेरच ठेवावं लागतं आणि जे बाहेर आहे ते जाळ्यात सापडतं. स्थितप्रज्ञाला हा धोका नाही. पण स्थितप्रज्ञ कासव वेंगुर्ल्याहून लंकेला पोचणारही नाही.

व्याह्यांनी सुरी घेतली आणि जाळं कापायला सुरुवात केली. दोरा एकेक करून सोडवत बसले नाहीत, सरळ कापला. हातभर, दोन हात, मग आणखी. माझ्या डोळ्यांसमोर चार-पाच हजारांचं जाळं भोकं पडून वाळूवर पडलं. पोरांनी होडीची दोन वल्ही आणि एक ओंडका आणून कासवाच्या मागच्या अंगाखाली सरकवला, म्हणजे शेपटीकडची बाजू वीतभर वर, डोकं उतारावर. त्यावर ओलं गोणपाट. नाकावर येऊ द्यायचं नाही. एकानं उन्हाच्या बाजूला ताडपत्री धरली.

मला हे उपचार म्हणजे मेलेल्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवल्यासारखे वाटले. पण त्यात शास्त्र आहे. कासवाला कल्ले नाहीत, ते आपल्यासारखं हवेत श्वास घेतं. पाण्याखाली जाळ्यात अडकून राहिलं, वर येऊन श्वास घेता आला नाही, की ते बुडतं. समुद्राचं जनावर समुद्रात बुडून मरतं. पण पुष्कळदा ते मेलेलं नसतं, बेशुद्ध असतं आणि तसंच पाण्यात टाकलं तर मात्र नक्की मरतं. मागची बाजू उचलून ठेवली तर फुप्फुसातलं पाणी निथळतं. चोवीस तासांपर्यंत वाट बघावी म्हणतात. मधूनमधून पापणीला हळूच बोट लावून बघायचं.

आम्ही बसलो. बाकीचे बांगडे सोडवत होते. तेही जिवंतच असतात की काही, शेपटी हापटत असतात. मी माळकरी माणूस, माझं तोंड बंद राहीना. म्हटलं, "व्याही, ह्या एकासाठी एवढं जाळं फाडलंत आणि तिकडं ते हजार?" मनात टोचायचा हेतू होता, नाही म्हणत नाही.

त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "पावण्यानू, जाळा बांगड्यासाठी टाकलंय. ह्येच्यासाठी नाय टाकूक."

एवढंच. मला ते उत्तर चुकवल्यासारखं वाटलं.

तासाभरानं गावातला एक कासवमित्र आला. कोकणात गावोगाव अशी पोरं आहेत, माघ-फाल्गुनात पहाटे किनाऱ्यावर चालून घरटी शोधतात, अंडी कुंपणात नेऊन पुरतात. २००२ साली वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेनं हे काम सुरू केलं, त्यानंतर ते किनाराभर पसरलं. त्या पोराला मी माझ्या कूर्मदृष्टीचं विचारलं, म्हटलं तूच सांग, कासवी कुठनं बघते? तो संकोचला. म्हणाला, काका, ती बघत नाही. रात्री येते, खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ओढते, पोटानं थापटते आणि समुद्रात जाते. पिल्लं पन्नासेक दिवसांनी निघतात, तेव्हा ती कुठं असेल कुणाला माहीत. किती निघाली, किती गेली, तिला काहीच कळत नाही. नर की मादी हेसुद्धा वाळू किती तापली त्यावर ठरतं, तिच्यावर नाही.

मग त्यानं बागेश्रीचं सांगितलं. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला एका कासवीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, तिचं नाव बागेश्री. ती दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. पुढं मी पेपरात उलटी बातमीही वाचली: २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी अडकवलेली कासवी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. मला ह्यात एक घरगुती गंमत वाटली. आमच्या खानापूर तालुक्याचं पाणीही असंच दोन्हीकडं जातं. कणकुंबीची मलप्रभा कृष्णेतनं बंगालच्या उपसागराला, म्हादई गोव्यात, आणि लोंढ्याजवळची आमची पांढरी काळी नदीला मिळून कारवारला. तालुक्यात पाऊस एकच पडतो.

कुलार्णव तंत्रात एक वेगळी मांडणी आहे, ती मी वाचली होती आणि सोयीनं विसरलो होतो. तिथं दीक्षेचे प्रकार सांगताना पक्षीण स्पर्शानं पिल्लं वाढवते, मासा नजरेनं आणि कासवी केवळ ध्यानानं. म्हणजे नजर माशाकडं गेली, कासवीकडं उरलं ते ध्यान. हे बरं आहे, ध्यान करते की नाही हे कुठल्याच उपग्रहाला सांगता येणार नाही. पण मला ही पळवाट नको होती. मी त्या बेशुद्ध कासवीकडं बघत होतो आणि माझ्या बघण्यानं तिचं काही होत नव्हतं. झालं असेल ते सुरीनं आणि ओंडक्यानं.

तिथं बसल्या बसल्या मला पांढरी आठवली. बारा वर्षांचा असेन. माळ अजून पडायची होती. आजोबा घरात झोपलेले, आम्ही पोरं नदीवर गळ टाकून. गांडूळ लावलं होतं. ओढ लागली, उचललं तर मासा नाही, ताटलीएवढं कासव. गळ तोंडात आत गेलेला. पोरं पळाली. मी घाबरून दोरा दातानं तोडला आणि कासव पाण्यात सोडलं. घरी आजीला सांगितलं तर तिनं देवापुढं साखर ठेवली, म्हणाली विष्णूच तुझ्या हाती लागला होता आणि तू सोडलास, आता ह्या घराला काही कमी पडणार नाही. पन्नास वर्षं ती गोष्ट मी पुण्याच्या खात्यात जमा धरली होती. प्रवचनातसुद्धा सांगितली आहे.

कासवमित्राला सांगितली. त्यानं विचारलं, "दोरा कुठं तोडलात?" मी हातभर अंतर दाखवलं. तो गप्प बसला. मीच खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, गळ खोल गेला असेल तर ओढून काढायचा नाही हे बरोबर, ते तुम्ही चुकून बरोबर केलंत. पण दोरा तोंडाशी, जेवढा आखूड करता येईल तेवढा कापायचा. लांब राहिला की तो पोटात जातो, आतडं त्याच्यावर चुण्यांसारखं गोळा होतं. नाही तर पायाला, मुळाला अडकतो. आणि उचलताना दोऱ्यानं उचलायचं नाही, खालून जाळी नाहीतर हात लावायचा.

मी दोऱ्यानंच उचललं होतं.

महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. झाडाखाली वेद म्हणत होता, वरून बगळीनं विष्ठा टाकली. त्यानं रागानं वर बघितलं आणि बगळी मरून पडली. हीही एक दृष्टीच. पुढं भिक्षेला गेला तर गृहिणीनं नवऱ्याच्या जेवणापायी त्याला थांबवलं, तो डोळे वटारायला लागला, तेव्हा ती म्हणाली मी काही बगळी नाही. धर्म शिकायचा असेल तर मिथिलेला जा, तिथं एक व्याध मांस विकतो त्याला विचार. कौशिक जातो, खाटकाच्या दुकानात उभा राहतो आणि शिकतो. व्याध त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगतो: नांगर चालवणाराही जमिनीतले जीव मारतो, पाण्यात, धान्यात, झाडांत जीव भरलेले आहेत, कुणाचाच हात पूर्ण कोरडा नाही. मी ही कथा सांगताना नेहमी व्याधाच्या मातृपितृभक्तीवर जोर द्यायचो. नांगराचा भाग उरकून टाकायचो, कारण ऐकायला बसलेले सगळे शेतकरी. आणि मी स्वतः? तीस-पस्तीस वर्षं कोळशाच्या, लोखंडाच्या गाड्या भीमगडच्या आणि दांडेलीच्या रानाच्या कडेनं, घाटातनं नेल्या. रुळावर काय काय सापडलं ते गार्डला शेवटच्या डब्यातनं दिसतं. कधी गवा, कधी साळिंदर, एकदा अस्वलाचं पिल्लू. रिपोर्टात एक ओळ लिहायची आणि पुढचं स्टेशन. फलाटावरच्या मासळीच्या पाण्यावरनं उडी मारून जाणारा तो मीच.

अकराच्या सुमारास आवाज झाला. व्हॅक्यूमची नळी सुटल्यासारखा, फुस्स करून. कासवीनं मान वाळूवरनं उचलली, चोच उघडली, आत गुलाबी दिसलं, आणि मान परत टाकली. पोरं ओरडली. व्याह्यांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. पुढचा श्वास यायला बराच वेळ लागला, तेवढ्यात मी विठ्ठल विठ्ठल म्हणत होतो असं लेक नंतर म्हणाली. डोळ्यांतनं चिकट पाणी येत होतं. ती रडते असं मला वाटलं. कासवमित्र म्हणाला, मीठ टाकतात त्या डोळ्यांतून. बरं. त्या दिवशी माझं एकही म्हणणं टिकायचं नव्हतं.

वनखात्याचा माणूस दुपारी आला, त्यानं वल्ह्याची जखम बघितली. हाड शाबूत होतं. असतं मोडलेलं तर उपचाराला न्यावं लागलं असतं. पार डहाणूला अशा कासवांसाठी केंद्र आहे, तिथं जाळ्यांनी पाय गमावलेली कितीतरी येतात. हिला तशी गरज नव्हती. चार वाजता ओहोटी संपल्यावर तिला पाण्याच्या कडेला नेऊन ठेवलं. ढकललं नाही. ती जरा थांबली, मग वाळू मागं फेकत निघाली, उजवीकडं थोडी कमी जोर देत. तिसऱ्या लाटेनंतर दिसेनाशी झाली. वळून वगैरे बघितलं नाही.

आता पैशाचं. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर महाराष्ट्र सरकार २०१८ च्या डिसेंबरपासून नुकसानभरपाई देतं, पंचवीस हजारांपर्यंत. फोटो, व्हिडिओ, अर्ज लागतो. पोरांनी फोनवर सगळं टिपून ठेवलं होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हलकंच आलं: म्हणजे हे पैशासाठी तर. मग विचार केला. पैसे मिळतील ते जाळ्याचे. रात्र वाया गेली तिचे नाहीत, चार माणसांनी दिवसभर ताडपत्री धरली तिचे नाहीत. आणि कापताना व्याह्यांना मंजूर होईल की नाही हे ठाऊक नव्हतं.

उलट, जिथं पुण्यासाठीच सोडतात तिथं काय होतं? चीन-तैवानकडं, थायलंडमध्ये, बौद्ध भाविकांत जीव सोडण्याची जुनी प्रथा आहे. देवळाबाहेर पक्षी, मासे, कासवं विकायला ठेवलेली असतात. विकत घ्यायची आणि सोडायची. मागणी आहे म्हणून पकडणारे पकडतात. सोडलेलं पुन्हा पकडून विकतात. परक्या देशातली कासवं तिथल्या तळ्यात सोडल्यानं तिथल्या मूळ कासवांचा जीव जातो, ते निराळंच. मूळ विचार काही वाईट नव्हता. पण सोडण्याचं पुण्य पाहिजे असेल तर आधी कुणीतरी धरायला हवं, हा हिशेब कुठं चुकतो ते मला व्याह्यांच्या सकाळच्या वाक्यापर्यंत कळलं नव्हतं. जाळं ह्याच्यासाठी टाकलं नव्हतं.

मी दिवसभर अहिंसा शोधत होतो आणि ती सापडत नव्हती म्हणून व्याह्यांना मनातल्या मनात नापास करत होतो. ते बोलत होते ते अस्तेयाबद्दल. योगसूत्रांतल्या यमांत अहिंसा पहिली, सत्य दुसरं, अस्तेय तिसरं. आपण पहिल्याशीच इतके अडखळतो की तिसऱ्यापर्यंत पोचतच नाही. जे मागितलं नाही आणि तरी आलं, ते आपलं नाही. बांगडा मागितला होता, त्याचं देणं-घेणं ते आणि समुद्र बघून घेतील. कासवी ओडिशाहून आलेली असो की लंकेहून, कायद्यानं ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातली, पण त्या आधीही व्याह्यांचे वडील सोडतच होते म्हणे, नारळ फोडून. ह्यात दया करणारा वर आणि दया घेणारा खाली असं काही नाही. माझ्या आजीच्या साखरेत मात्र तेच होतं. विष्णू तुझ्या हाती लागला आणि तू सोडलास.

म्हणजे बांगड्याचं काय, हा प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. मी अजून खात नाही. व्याह्यांकडं माझं ताट वेगळं वाढतात, त्यात विहीणबाईंना होणारा त्रास मला दिसतो आणि तरी मी खात नाही.

संध्याकाळी पडवीत बसून अर्ज लिहायचा होता. अक्षर माझं बरं, आयुष्यभर रिपोर्ट लिहिण्यात गेलं, म्हणून कागद माझ्याकडं आला. तारीख, वेळ, होडीचा नंबर, किती हात जाळं कापलं, सगळं क्रमानं लिहिलं. मग कारण. मी लिहिलं, "जीवदयेच्या भावनेने सदर कासवास मुक्त करण्यासाठी" आणि वाचून दाखवलं.

व्याही पडवीच्या खांबाला टेकून फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन भोकं मोजत होते. म्हणाले, "दया-बिया खोडा ती."

"मग काय लिहू?"

"चुकान इला, परत केला. येवढाच लिवा."

सरकारी अर्जाला हे चालेल का म्हणून मी जरा थांबलो. मग खोडलं आणि तसंच लिहिलं.